परवाना, दाखला आणि सवलत

(काळाचौकी येथील रात्रीच्या प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



मागच्या बुधवारी आपल्या वर्गात एक प्रश्न निघाला. आपल्यातल्या एका बाईंचा पुतण्या अमेरिकेत टेक्सास नावाच्या राज्यात नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितले की, तिकडे लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकाला शिकारीचा आणि मासे धरण्याचा परवाना फुकट मिळतो. बाईंनी ते वर्गात सांगितले आणि सगळे हसले. एकजण म्हणाले, "पाय गेलेला माणूस शिकार कसली करणार?" दुसरे म्हणाले, "द्यायचे तर पैसे द्यावेत. परवाना काय चाटायचा आहे?" आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, आपल्याकडे असे काही आहे का?"

प्रश्न चांगला आहे. एका वाक्यात त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

परवाना म्हणजे काय, हे आधी पाहू. परवाना म्हणजे सरकारची लेखी परवानगी. टॅक्सीवाल्याकडे परवाना असतो. खानावळ चालवणाऱ्याकडे असतो. अमेरिकेत रानात हरिण मारायचे असेल किंवा तळ्यात गळ टाकायचा असेल, तरी परवाना लागतो. त्याची फी भरावी लागते. फी भरली म्हणजे वाटेल तेवढी शिकार करावी, असे मात्र नाही. कोणत्या महिन्यात, कोणते जनावर, किती मारायचे, हे ठरलेले असते. तिकडे शिकार हा पुष्कळ लोकांचा सुटीतला उद्योग आहे. बाप मुलाला घेऊन जातो, भाऊ भावाला घेऊन जातो. मारलेल्या हरणाचे मांस घरात महिनोन्‌महिने पुरते.

परवान्याच्या फीचे पैसे कुठे जातात? ते राने राखण्याकडे, तळ्यांत मासे सोडण्याकडे आणि रखवालदारांच्या पगाराकडे जातात. शिवाय तिकडे १९३७ साली एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसे यांवर जो कर बसतो, तो गोळा करून वन्य प्राण्यांसाठी राज्याराज्यांना वाटायचा, असा तो कायदा आहे. वाटताना दोन गोष्टी पाहतात. राज्य केवढे मोठे आहे आणि त्या राज्यात परवाना घेणारी माणसे किती आहेत. म्हणजे परवान्याच्या वहीत नाव वाढले की राज्याचा वाटाही वाढतो. गळ आणि मासेमारीचे सामान यांवरील करासाठी १९५० साली असाच दुसरा कायदा झाला.

आता जायबंदी सैनिकाकडे वळू. सैन्यात असताना ज्याच्या शरीराला इजा झाली, त्याची डॉक्टर तपासणी करतात आणि किती टक्के अपंगत्व आले ते लिहून देतात. टेक्सासमध्ये हा आकडा ५० टक्के किंवा त्याहून जास्त असला, तर परवाना फुकट. पाय किंवा पाऊल निकामी झाले असले, तरीही फुकट. कॅलिफोर्निया राज्यातही ५० टक्क्यांचीच रेघ आहे, पण तिथे परवाना फुकट नाही. थोडी फी घेतात. प्रत्येक राज्याचा नियम निराळा.

आणि पाय गेलेला माणूस शिकार कसली करणार? करतो, बरं का. काही राज्यांत अशा माणसाला थांबलेल्या मोटारीत बसून नेम धरण्याची खास परवानगी मिळते. मासे धरायचे तर पायांची गरजच काय? आपल्या शिवडी बंदरावर जाऊन पाहा. गळ टाकून माणसे तासन्‌तास बसलेली असतात. हात आणि धीर एवढेच भांडवल.

खरी गोष्ट अशी आहे. लढाईहून जायबंदी होऊन आलेला माणूस घरात बसतो. पहिले काही दिवस भेटायला लोक येतात. मग येईनासे होतात. पेन्शन घरपोच येते, औषध घरपोच येते आणि माणूस खाटेवर राहतो. त्याला घराबाहेर काढायचे तर काही निमित्त लागते. तो परवाना म्हणजे असे निमित्त आहे. रविवारी भाऊ दारात येऊन म्हणतो, "चल, तुझा परवाना आहे ना? वाया का घालवतोस?" आणि माणूस उठतो. म्हणून परवाना चाटायचा नसला, तरी निरुपयोगी नाही.

आता आपल्याकडचे पाहू.

आपल्याकडेही एके काळी शिकारीचे परवाने होते. जुन्या मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशू आणि वन्य पक्षी यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात मोठ्या शिकारीचा आणि लहान शिकारीचा परवाना वेगवेगळा होता. पुढे जनावरे कमी होत गेली. १९७० साली वाघाच्या शिकारीला बंदी आली. १९७२ साली साऱ्या देशासाठी वन्य जीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यातसुद्धा सुरुवातीला परवान्याची कलमे होती. १९९१ साली दुरुस्ती झाली आणि ती काढून टाकली. तेव्हापासून हौसेच्या शिकारीचा परवाना आपल्या देशात कोणालाच मिळत नाही. सैनिकाला नाही आणि मंत्र्यालाही नाही. माणसाच्या जिवावर उठलेले जनावर, किंवा इतके जखमी आणि रोगी की बरे होणारच नाही असे जनावर असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी हुकूम देऊ शकतो. त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरात जनावरासाठी 'अपंग' याच अर्थाचा शब्द घातला आहे. आम्ही तो प्रथम वाचला, तेव्हा जरा थबकलो.

मासेमारीचे म्हणाल, तर समुद्रातल्या मासेमारीसाठी महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा आहे. तो होड्यांना परवाना घ्यायला लावतो. तो धंद्याचा परवाना आहे, रविवारच्या करमणुकीचा नव्हे. धरणे आणि तलाव येथील मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. म्हणून अमेरिकेसारखा परवाना इकडे नाही. जी वस्तू दुकानातच नाही, तिच्यावर सूट कशी मिळणार?

पण आपला प्रश्न परवान्याचा नव्हताच. जायबंदी सैनिकाला घराबाहेर काढणारी एखादी सवलत आपल्याकडे आहे का, हा तो प्रश्न. आणि त्याचे उत्तर, आहे. ती तिकिटाच्या रूपात आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी थोडी मागची हकीकत सांगू.

आपल्या काळाचौकीत सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून आलेली माणसे पुष्कळ. त्या भागांतून घरटी एक माणूस गिरणीत आणि एक पलटणीत, अशी जुनी रीत होती. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. गावाचे नावच 'मिलिटरी अपशिंगे' पडले. मेले त्यांचे नाव दगडावर कोरले जाते. पण हात-पाय गमावून जे परत येतात, त्यांचे काय?

त्याच महायुद्धात, १९१७ साली, गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी आपल्या मुंबईत जायबंदी जवानांसाठी एक शाळा काढली. क्वीन मेरी टेक्निकल स्कूल हे तिचे नाव. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. जवानाने हातात कारागिरी घेऊन घरी जावे, हा तिचा हेतू. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्याला कृत्रिम हात-पाय बसवण्याचे लष्करी केंद्र निघाले. कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीलाच १९७४ साली पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तिथले जवान चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. हात गेलेला जवान तोंडात कुंचला धरून चित्र काढतो. मिळालेच तर जाऊन पाहावे.

आणि मुरलीकांत पेटकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. २०२४ साली त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' नावाचा हिंदी सिनेमा निघाला. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. ते सैन्यात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे अंग गेले. आपल्या कुलाब्याला नौदलाचे 'अश्विनी' नावाचे रुग्णालय आहे. तिथे त्यांच्यावर उपचार झाले. अंगाला व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले आणि त्या पाण्यात त्यांना नवा खेळ सापडला. १९६८ साली तेल अवीव येथे अपंगांचे जागतिक सामने झाले. तिथे ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिक सामन्यांतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक.

एवढे तुम्हांला सिनेमात दिसले असेल. पण आम्हांला त्यातली एक लहान गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जर्मनीला जायचे तिकीट कोणी काढले? क्रिकेटवीर विजय मर्चंट यांनी अपंगांसाठी काम करणारी एक संस्था चालवली होती. तिने प्रवासखर्चाचा भार उचलला. मर्चंट हे गिरणीमालकांच्या घराण्यातले. पोहण्याचे बळ पेटकरांचे स्वतःचे होते. पण पाण्यापर्यंत पोहोचायला तिकीट लागले. सरकारने पद्मश्री दिली २०१८ साली. म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. तोपर्यंत त्यांची ऐंशी वर्षे उलटून गेली होती. उशीर या शब्दाचा अर्थ मुलांना शिकवायला आम्ही हेच उदाहरण घेऊ.

आता तिकिटाची सवलत. नीट ऐका आणि घरी गेल्यावर वहीत उतरवा.

रेल्वेत, ज्याचे हात-पाय अधू आहेत आणि जो सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही, त्याला दुसरा वर्ग, स्लीपर, पहिला वर्ग, तिसऱ्या दर्जाचा वातानुकूलित डबा आणि वातानुकूलित खुर्चीचा डबा यांत ७५ टक्के सवलत मिळते. म्हणजे १०० रुपयांच्या भाड्याला २५ रुपये. वातानुकूलित पहिल्या आणि दुसऱ्या दर्जात ५० टक्के. मासिक आणि तिमाही पासावर ५० टक्के. बरोबरच्या एका सोबत्यालाही तेवढीच सवलत. पूर्ण अंध माणसाला ही सवलत एकट्यानेही मिळते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत म्हाताऱ्यांची सवलत बंद झाली. तेव्हापासून पुष्कळांची समजूत आहे की रेल्वेच्या सगळ्याच सवलती गेल्या. तसे नाही. अपंगांची सवलत तेव्हाही चालू ठेवली होती.

एस.टी.मध्ये अपंग माणसाला भाड्यात ७५ टक्के सूट आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल, तर सोबत्यालाही निम्मे तिकीट. राष्ट्रीय महामार्गावर अपंगासाठी मुद्दाम बनवलेल्या गाडीला टोल नाही. तीन चाकांची स्कूटर घेण्यासाठी केंद्रीय सैनिक मंडळाची मदतीची योजना आहे. तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. दर ७ डिसेंबरला आपण छातीला जो लहानसा ध्वज लावतो, तो ध्वजदिन १९४९ पासून चालू आहे. त्यात टाकलेला पैसा अशाच कामांसाठी असतो.

आता आमच्या शेजारच्या हवालदारांची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव घेत नाही. घेतलेले त्यांना आवडणार नाही. सरहद्दीवर सुरुंगावर पाय पडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याला कृत्रिम पाय बसला. आज जिथे टॉवर उभा आहे आणि पूर्वी जिथे गिरणी होती, तिथे ते रात्री रखवालीला असतात. लांब पँट घातली की पायाचे कोणाला कळत नाही. कळू नये, अशीच त्यांची इच्छा असते.

वर्षातून दोनदा ते आणि वहिनी गावी साताऱ्याकडे जातात. वहिनींनी कुठे तरी ऐकले की रेल्वेत पाऊण तिकीट माफ होते. त्यांनी हवालदारांच्या मागे लागून त्यांना एका इस्पितळात पाठवले. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि रेल्वेच्या सवलतीचा कागद भरायला घेतला. हवालदार शिकलेले आहेत. त्यांनी सही करण्याआधी तो वाचला. त्यात छापले होते की, हा मनुष्य सोबत्याच्या मदतीशिवाय प्रवास करू शकत नाही.

हवालदार म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी दोन जिने चढून तुमच्यापुढे आलो. एकटा आलो. मग हे असे कसे लिहिता?"

डॉक्टर म्हणाले, "असे लिहिले नाही, तर सवलत नाही."

"मग राहू द्या," असे म्हणून हवालदार उठले आणि आले तसे दोन जिने उतरून गेले.

संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. रागावलेल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही तरी सांगा यांना. दोघांचे तिकीट वाचले असते. पाय काय खोटा गेलाय का?" मागोमाग हवालदारही आले. ते म्हणाले, "गुरुजी, पाय गेला हे लिहा, शंभर वेळा लिहा. पण मला एकट्याला जाता येत नाही, हे खोटे आहे. पलटणीत मी कधी खोटा रिपोर्ट दिला नाही. तिकिटासाठी आता देऊ?"

आता सांगा, दोघांपैकी बरोबर कोण?

आम्ही त्या रात्री पुष्कळ विचार केला. आमचे मत असे झाले की वहिनींचेही खरे आहे आणि हवालदारांचेही. वाकडी आहे ती अट. टेक्सासच्या परवान्यावर सैनिकाला विचारतात, 'नोकरीत तुझे किती गेले?' आणि आपल्या रेल्वेच्या कागदावर विचारतात, 'तुला काय जमत नाही?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणूस ताठ मानेने देतो. दुसऱ्याचे उत्तर देताना मान खाली जाते. ज्याने हिंमत करून चालायला शिकावे, त्याचीच सवलत जावी, असा त्याचा अर्थ होतो. ही अट सगळ्याच अपंगांना आहे, एकट्या सैनिकांना नाही, हे आम्ही जाणतो. सवलतीचा गैरवापर होऊ नये म्हणून ती घातली असेल, हेही समजते. तरी निदान देशाच्या नोकरीत ज्याचे अंग गेले, त्याला तरी हे वाक्य लिहायला लावू नये.

पण नियम बदलेपर्यंत काय करायचे? आम्ही हवालदारांना दुसऱ्या दिवशी घरी बोलावले आणि विचारले, "हवालदार, प्रवास म्हणजे काय?" ते म्हणाले, "म्हणजे काय? इथून तिथे जाणे." आम्ही म्हटले, "रात्रीची गाडी आहे. तुम्ही झोपताना पाय काढून ठेवता ना?" म्हणाले, "हो. नाही काढला तर खुंट सुजतो." "मध्यरात्री संडासला जायचे झाले, डबा हलतो आहे, वाटेत माणसे झोपलेली आहेत, तर पाय कोण देते?" हवालदार बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "मी देते. आणि धरूनही नेते." आम्ही म्हटले, "मग त्या कागदावर दोन जिने चढता येतात का, हे विचारलेले नाही. प्रवास सोबत्याशिवाय होतो का, हे विचारले आहे. दिवसाच्या जिन्याचे उत्तर एक असेल, रात्रीच्या गाडीचे उत्तर दुसरे असेल. डॉक्टरांना सगळे जसे आहे तसे सांगा. वाढवून नको, लपवूनही नको. मग काय लिहायचे ते त्यांना ठरवू द्या."

हवालदार म्हणाले, "विचार करतो." अजून ते विचारच करीत आहेत. तोवर एस.टी.ने जातात. एस.टी.च्या सवलतीत सोबत्याची अट नाही, फक्त टक्के पाहतात. परळला गाडीत बसताना वहिनी कंडक्टरला कार्ड दाखवतात आणि हवालदार खिडकीबाहेर पाहत राहतात.

आता टक्क्यांविषयी. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. म्हणून सावकाश सांगतो.

एकाच माणसाच्या कागदांवर तीन निरनिराळे आकडे असू शकतात. समजा, एका जवानाचा हात अधू झाला आणि त्याला त्यामुळे सैन्यातून घरी पाठवले. लष्कराच्या डॉक्टरांच्या मंडळाने ३० टक्के लिहिले. लष्कराच्या अपंगत्वाच्या पेन्शनला किमान २० टक्के लागतात. म्हणजे तो पेन्शनला पात्र झाला. १९९६ पासून असा नियम आहे की अशा रीतीने घरी पाठवलेल्याचे अपंगत्व ५० हून कमी असले, तरी पेन्शनचा हिशेब ५० धरून करायचा. म्हणून त्याच्या पेन्शनच्या कागदावर ५० चा आकडा येतो. तो तो कागद घेऊन एस.टी.च्या कचेरीत जातो आणि म्हणतो, "माझे ५० टक्के आहे." तिथले कारकून म्हणतात, "हा कागद आमच्या कामाचा नाही." कारण नागरी सवलतींना इस्पितळाचा अपंगत्वाचा दाखला लागतो. तिथे डॉक्टर पुन्हा नव्याने मोजतात. त्यांनी ३५ लिहिले, तर? देशाचा अपंग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याने बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आखली आहे. ३५ त्या रेघेच्या खाली पडले. म्हणजे लष्कराच्या लेखी तो अपंग, आणि एस.टी.च्या लेखी धडधाकट! माणूस चिडतो. 'मला फसवले' म्हणतो. त्याला कोणी फसवलेले नसते. ३० हा लष्करी डॉक्टरांचा आकडा, ५० हा पेन्शनच्या हिशेबाचा आकडा आणि ३५ हा नागरी इस्पितळाचा आकडा. तीन कागद, तीन कामे. कोणता कागद कोणत्या खिडकीवर दाखवायचा, हे कळले की निम्मे हेलपाटे वाचतात.

म्हणून ज्यांच्या घरी असा माजी सैनिक आहे, त्यांनी दोन्ही बाजूंचे कागद करून घ्यावेत. लष्कराचे कागद म्हणजे सेवामुक्तीचे पुस्तक, पेन्शनचा हुकूम आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेले माजी सैनिकाचे ओळखपत्र. नागरी कागद म्हणजे अपंगत्वाचा दाखला आणि सरकारचे अपंगांचे एकच कार्ड, जे साऱ्या भारतात चालते. त्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात. पूर्वी, १९९५ च्या कायद्यात, अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आहेत. म्हणजे पूर्वी ज्याला 'बसत नाही' म्हणून परत पाठवले, तो आज बसत असेल. त्याने पुन्हा अर्ज करावा. आपल्या मुंबईत हाजी अलीजवळ अपंगांच्या उपचाराची सरकारी संस्था १९५५ पासून आहे. रेल्वेची सवलत हवी असेल, तर रेल्वेचे ओळखपत्र वेगळे काढावे लागते. तिचा नमुना आणि तिची ती अट वेगळी आहे, हे तुम्ही आता ऐकलेच.

एक सूचना बायकांसाठी. आमच्या पाहण्यात असे आहे की माजी सैनिकाच्या घरात कागदांची पत्र्याची पेटी असते आणि तिची किल्ली बाईच्या कमरेला असते. पण पेटीतले कागद वाचलेले नसतात. मालक म्हणतात, 'ते लष्कराचे आहेत, तुला काय कळणार?' आता तुम्हांला अक्षरे लागतात. पेटी उघडा. पहिल्या दिवशी नुसते आकडे शोधा. टक्के कुठे लिहिले आहेत ते पाहा. दुसऱ्या दिवशी तारखा पाहा. काही दाखले ठरावीक वर्षांपुरतेच असतात. मुदत संपलेला दाखला घेऊन तुम्ही खिडकीवर उभ्या राहिलात, तर रांग वाया जाते. मग ज्या ओळी समजल्या नाहीत, त्यांच्यापुढे पेन्सिलीने लहान खूण करा. मूळ कागदावर नव्हे, झेरॉक्सवर.

दलालांविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. इस्पितळाच्या दारात काही माणसे भेटतात. 'पाच हजार द्या, साठ टक्के लिहून आणतो' म्हणतात. त्यांच्या नादी लागू नये. खोटा दाखला पकडला गेला, तर सवलत जाते आणि पोलीसचौकीही पाहावी लागते. आणि खरोखर पाय गेलेला माणूस रांगेत उभा असताना धट्टाकट्टा माणूस पुढे घुसतो, म्हणूनच तर रेल्वेवाले असल्या अटी घालतात. आपल्या हवालदारांना जे वाक्य टोचते, ते अशा लोकांच्या करणीनेही छापले गेले असेल.

शिवडीचे नाव मघाशी निघाले, म्हणून आठवले. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात. हजारोंनी येतात. ते पाहायला परवाना लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. ओहोटीला ते दूर जातात आणि भरतीच्या सुमारास काठाजवळ दिसतात. आपल्या वर्गाने यंदा तिकडे जायचे ठरवले आहे. दोन चाकांच्या खुर्च्या मिळतील का, हे आम्ही पाहत आहोत. हवालदारांनाही विचारले आहे. ते म्हणाले, "येतो. पण खुर्ची नको."

पुढच्या बुधवारी ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी त्यांच्या झेरॉक्स प्रती घेऊन याव्यात. मूळ कागद आणू नयेत आणि कोणाच्याही हाती देऊ नयेत. आपण पाटीवर एकेक शब्द लिहून वाचू. वर्ग नेहमीप्रमाणे साडेआठला सुरू होईल. घरातला माजी सैनिक स्वतः यायला तयार असेल, तर फार चांगले. ज्यांना जिना चढता येत नाही, त्यांनी खाली पानाच्या गादीजवळ थांबावे आणि वर निरोप पाठवावा. आम्ही पाटी घेऊन खाली येऊ.